उपाशीपोटीची सुई

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा माझ्या बायकोला मधुमेह असल्याचं कळलं. मी अकोटला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. ती बावीस-तेवीस वर्षांची, आणि अंग इतकं उतरलेलं की हात वर केला तर बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी काचेची एक सिरिंज, दोन सुया आणि इन्सुलिनची बाटली माझ्या हातात ठेवली. सकाळ-संध्याकाळ टोचायचं, आणि जन्मभर टोचायचं, असं त्यांनी सांगितलं.

पोरांना छडीनं वठणीवर आणणारा मी, पण पहिल्या दिवशी सुई धरून नुसताच उभा राहिलो. तिनं दंड उघडा करून बराच वेळ वाट पाहिली. शेवटी म्हणाली, "टोचा ना आता. उशीर मले नाई होऊन राहिला, तुमाले होऊन राहिला." शाळेची घंटा झाली होती हे खरंच होतं.

बाटली थंड ठेवावी लागे. ती एका डब्यात घालून आम्ही माठाखालच्या ओल्या वाळूत पुरायचो आणि उन्हाळ्यात त्या वाळूवर दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचो. सिरिंज उकळायचं पातेलं वेगळं होतं; त्याला आई कोणाला हात लावू देत नसे. दोन वर्षांत माझा हात असा बसला की गल्लीतले लोक मला अर्धा कंपाउंडर म्हणू लागले. मी नको नको म्हणायचो आणि मनातून खूश व्हायचो.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला वर्ष व्हायचं होतं. त्या पावसाळ्यात फ्लूची साथ आली. शाळा उघडली आणि आठवड्याभरात बंद पडली, कारण वर्गात बसायला पोरंच उरली नाहीत. घरात आधी मी पडलो, तिसऱ्या दिवशी उठलो. मग आई पडली, तीही उठली. मग बायको पडली. दोघं उठलो तशी हीही उठेल, असं आम्ही धरून चाललो.

आमच्याकडे ताप आला की लंघन. "अन्न पोटात गेलं की ताप चढते, राहू दे तिले उपाशी," असं आईनं सांगितलं. सांगायची गरजही नव्हती, कारण बायकोच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. संध्याकाळी नेहमीप्रमाणे मी सिरिंज उकळली आणि हातात घेऊन थांबलो. सुई घेऊन जेवली नाही तर साखर एकदम उतरून घात होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा ती अशीच चुलीपाशी घामाघूम होऊन कोसळली होती आणि मी तिच्या तोंडात गूळ कोंबला होता. आज तर पोटात कण नाही, मग सुई कशाला? शाळामास्तराचं डोकं, हिशेब अगदी बिनचूक वाटला. आणि खरं सांगायचं तर त्या तापलेल्या दंडाला टोचायला माझा जीवही होईना.

"आज सुई नाई?" तिनं विचारलं.

"आज तुले सुट्टी," मी म्हणालो.

ती हसली. ते हसू अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसऱ्या दिवशीही मी सुट्टी दिली. ती लोटेच्या लोटे पाणी मागत होती आणि ओकत होती. श्वास खोल, भरभर चाललेला. तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता; मला वाटलं, उपाशी तोंडाचा वास. तिसऱ्या सकाळी हाक मारली तर तिनं नुसते डोळे अर्धवट उघडले. मग मात्र माझं धाबं दणाणलं. एस.टी.च्या कंडक्टरनं मागचं लांब बाक रिकामं करून दिलं. अकोल्यापर्यंत आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी खाली तिचे पाय धरून.

दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या खाटेवर मजुरी करणारी एक म्हातारी होती. तिलाही फ्लूच, आणि ताप तर बायकोपेक्षाही जास्त. डॉक्टरांनी बायकोची लघवी तपासायला घेतली. नळीतल्या निळ्या औषधात थेंब टाकून ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. बघता बघता निळ्याचं विटकरी झालं. साखर भरपूर असली की असा रंग येतो, एवढं मला ठाऊक होतं.

"शेवटची सुई कधी दिली, मास्तर?"

"परवा सकाळी. काही खात नव्हती, साहेब."

"मग ही एवढी साखर कुठून आली?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी मला बाकावर बसवलं आणि शांतपणे समजावलं. "बरेच जण हेच करतात. ताप आला की अंगातच साखर वाढत जाते, माणूस उपाशी असला तरी. सुई नसली की अंगात विष साठतं, तोंडाला येतोय तो वास त्याचाच. तापात सुई थांबवायची नसते. कित्येकदा उलट जास्त लागते. किती, ते आम्हाला विचारायचं." मग दोन्ही खाटांकडे पाहून म्हणाले, "दुखणं दोघींना एकच आहे. त्या आजींचं मी सांगू शकतो, चार दिवसांत घरी जातील. हिचं दोन दिवस काही सांगता येणार नाही."

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. सलाईनची बाटली लागली, तासातासाला सुया सुरू झाल्या. आई व्हरांड्यात भिंतीशी बसून होती. पूर्वी अशा वेळी तिनं मरीआईला नवस बोलला असता. आता देव सोडले होते. एकदा मी पाहिलं, तिनं डोळे मिटून हात जोडले, तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. मग आत जाऊन सुनेच्या पायावरून हात फिरवत "बरी हो माय, बरी हो" एवढंच म्हणत राहिली. तू नवस बोलली असतीस तरी मी काही म्हटलं नसतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

बायकोनं डोळे उघडले, पण नंतर छाती भरली आणि पुन्हा सगळं लांबलं. चौथ्या दिवशी शेजारची म्हातारी भाकर मोडून खात होती. मला तिचा राग आला. हिचं वय काय, माझ्या बायकोचं काय, आणि उठून बसली कोण? असला विचार मनात येणाऱ्या माणसाला काय म्हणावं? गाठोडं बांधून निघताना ती म्हातारी आमच्या खाटेशी आली, बायकोच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "मी घरी जाऊन राहिली, पोरी. तूबी उठ आता." मी तिचं गाठोडं फाटकापर्यंत नेऊन दिलं.

आम्ही बावीस दिवस राहिलो. ती उशाला टेकून बसू लागली त्या दिवशी मी तिला सगळं सांगून टाकलं. मी सुट्टी दिली म्हणून तू मरायला टेकली होतीस, असं स्पष्टच म्हणालो.

ती चादरीची दशी ओढत राहिली. "तुमाले का मालूम होतं," ती म्हणाली. आणि दशी सोडून, "पन आता सुई मी माह्या हातानं घेईन."

सिस्टरकडून ती मांडीत टोचायला शिकली आणि घरी आल्यावर मला कधी टोचू दिलं नाही. माझ्याकडे फक्त पातेलं उकळायचं काम उरलं. मी महिनोन्‌महिने फुगून होतो. तिनं मला माफ केलं होतं, पण माझ्यावर विसंबणं सोडलं होतं, आणि ते मला माफी न मिळाल्याहून जास्त लागलं. पुढं तिला तापही आले. लंघन आमच्या घरातून गेलंच होतं. ती कोणाला तरी डॉक्टरांकडे पाठवायची, किती घ्यायची ते विचारून घ्यायची, आणि माझ्याकडे न बघता सुई टोचून घ्यायची.

दहा-अकरा वर्षं अशी गेली. तोवर मी अमरावतीला एका हायस्कुलात लागलो होतो. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मधुमेह डोळ्यांत उतरला आहे. एका सकाळी ती खिडकीपाशी सिरिंज उजेडात धरून उभी होती. जवळ नेई, लांब नेई. सिरिंजवरच्या रेघा तिला दिसत नव्हत्या. मी पेपर वाचायचं सोंग करत बसलो.

ती चाचपत माझ्यापाशी आली, सिरिंज माझ्या हातात ठेवली आणि दंड उघडा केला.

"आता तुमीच द्या," ती म्हणाली. मी रेघ पाहून औषध भरलं आणि पहिल्या दिवसासारखा सुई धरून थांबलो. तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं.

"सुट्टी नका देऊ," ती म्हणाली.

"नाई देत," मी म्हणालो, आणि सुई टोचली.