तेलाचा निरोप

छातीतली गाठ काढून घरी आल्यावर मी सगळ्यात आधी स्वयंपाकघर आवरलं. एका लेखात वाचलं होतं, की आपल्या खाण्यातल्या तेला-तुपातली स्निग्धाम्लं पेशींच्या आवरणात जाऊन बसतात, त्यामुळे पेशी एकमेकींना देतात ते निरोप बदलतात आणि त्यातली काही कॅन्सर पसरायला मदत करत असावीत. यातलं 'असावीत' मी धावतं वाचलं. फ्रिजच्या दारावर तक्ता लावला: चालेल, चालणार नाही.

'चालणार नाही'मध्ये पहिलं नाव खुरासणीच्या, म्हणजे कारळ्याच्या, तेलाचं. इगतपुरीकडे सासूबाईंच्या शेताच्या वरच्या अंगाला खुरासणी होते. तिचं घाण्यावरचं तेल घेऊन त्या गाठ कळली तेव्हापासून माझ्यासाठी नाशिकला येऊन राहिल्या होत्या. अंगात ताकद यावी म्हणून रोज माझ्या भाकरीवर त्याची धार धरायच्या.

मी तेलाचा कॅन बाल्कनीत ठेवायला निघाले तेव्हा त्यांनी कारण विचारलं. मी घाईतच सांगितलं, की असल्या तेलाने पेशींचे निरोप बदलतात, मग रोग पसरतो.

त्या म्हणाल्या, "म्हंजी माझ्या तेलानं त्याला निरोप धाडला?"

मला हसू आलं. "तसंच काहीसं," म्हटलं आणि डब्यांना चिठ्ठ्या लावत बसले.

त्या दिवसापासून त्या स्वतःसुद्धा बिनतेलाची भाजी खाऊ लागल्या. सासूबाईंनाही पटलं, असं मी धरून चालले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे माझे प्रश्न ठेवले. ते म्हणाले, हे सगळं प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर दिसलंय. अमुक तेलाने तुमचा आजार वाढला, असं कुणालाच म्हणता येणार नाही. रिक्षात मला हायसं वाटलं. गंगापूर रोडच्या सिग्नलला सासूबाईंचा तो प्रश्न आठवला, आणि त्यांनी तो चेष्टेत विचारला नव्हता हे तेव्हा कुठे कळलं. इतकी लाज वाटली, की घर आल्यावर रिक्षातून लवकर उतरवेना.

घरात गेल्या गेल्या डॉक्टरांचं म्हणणं त्यांना शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मी कॅन आत आणला, बूच काढलं, ताट पुढे केलं.

"आई, घाला ना थोडं."

"तू घे तुझ्या हातानं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं नको."

मी ओतलं, जरा जास्तच. भाकरीवरून ताटात ओघळलेलं तेल त्या नेहमी बोटाने निपटून चाखायच्या. त्या दिवशी त्यांनी फडकं आणून दिलं.