मी शिकवलेला जोहार

"तुझे वडील जोहार कसा घालतात? दाखव बघू."

बाईंनी हे अगदी मायेनं विचारलं. सातवीचा वर्ग. बाक भिंतीला सरकवलेले. मधल्या मोकळ्या जागेत मी एकटी उभी. सगळी पोरं गोल करून बसलेली, मी कधी वाकते याची वाट बघत.

मला जोहार येत नव्हता.

त्याची मला लाज वाटली. कसली लाज, बघा. आपल्याला वाकता येत नाही याची.

वडिलांना मी आबा म्हणायचे. चाकणकडच्या एका गावात आबा येसकर होते. गावाची राखण करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची आणि दारोदार भाकरी मागायची. मी मांडीवर होते तेव्हाच आबांनी ते सगळं टाकलं. आधी खाणीवर दगड फोडले. मग पिंपरीला कारखाने उभे राहायला लागले तसे तिथल्या बांधकामावर आले. रेल्वेच्या रुळांजवळ आमच्या झोपड्या होत्या. साहेब आला तर आबा नुसतं "राम राम" म्हणायचे. त्यांना वाकलेलं मी कधी बघितलंच नव्हतं.

"येत नाही, बाई," मी म्हणाले.

पोरं हसली.

"लाजू नकोस, बाळ. घरी विचारून ये. आपल्याला नाटक खरं करायचंय."

बाई वाईट नव्हत्या. पुण्याहून रोज गाडीनं चिंचवडला यायच्या. मुलांना नाटक कसं शिकवायचं, याचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. पाठ करून ओरडायचं म्हणजे नाटक नव्हे, म्हणायच्या. झाड व्हा. तहानलेलं वासरू व्हा. आम्ही व्हायचो. त्या वर्गात माझा हात पहिला वर असायचा. रडायला सांगितलं तर मला खरं रडू यायचं. बाई म्हणायच्या, हिच्या अंगात नाटक आहे.

त्या वर्षीच्या गॅदरिंगसाठी बाईंनीच एक छोटं नाटक लिहिलं. एक हरिजन मुलगा उन्हात तहानेनं कासावीस झालेला. गावातल्या मोठ्या घरातला मुलगा येतो, हा त्याला जोहार घालतो, तो आपल्या तांब्यातलं पाणी याला पाजतो, मिठी मारतो. पडदा.

मला वाटलं, काम माझंच. महाराची त्या वर्गात मी एकटीच होते. आमच्या वर्गात मुली मुलग्यांची कामं करायच्याच. पण काम मिळालं डॉक्टरांच्या वसंताला.

मी बाईंना विचारलं. बाई थोडा वेळ माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

"शेवटी मिठी मारायची असते ना गं. त्या मुलाच्या घरी काय सांगू मी?"

मी मान हलवली. मला ते पटलंसुद्धा. ही गोष्ट मी लपवणार नाही.

बाईंनी जोहार विचारला त्या संध्याकाळी आबा कामावरून आले. हातापायांवरचं सिमेंट धूत होते.

"आबा, जोहार कसा घालायचा?"

आबांचा तांब्या थांबला. "कुणाला घालतीस?"

"नाटकात हाय. बाईंनी इचारून यायला सांगितलंय."

"तू हायस नाटकात?"

"व्हय," मी म्हणाले.

खोटं बोलले. आबांचा चेहरा असा उजळला, की ते खोटं मागं घेता आलं नाही.

"मंग नीट शिक. चारचौघांत काम चांगलं झालं पायजे."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पोरीला कशाला ते शिकवताय?"

"नाटक हाय गं. खरं थोडंच हाय."

आबा उठले. वहाणा पायांत घातल्या, मग सरकारपुढं काढायच्या तशा काढल्या. दोन पावलं मागं सरकले. आणि कमरेतून एकदम खाली गेले. खांदे आत, मान आत. माझा बाप चांगला उंच होता. एवढासा झाला. हात जमिनीला लागला, मग कपाळाला. "जोहार, सरकार." आवाज आबांचा नव्हता. उठताना त्यांनी डावा हात गुडघ्यावर दाबला. एक बारीकसा "हं" तोंडातून निघाला.

झोपडीत सरकार कुणी नव्हतं. समोर मी होते.

"कळलं?"

"न्हाई. परत करा."

तीनदा घालायला लावला मी. माझ्या बापाला.

दुसऱ्या दिवशी वर्गात घालून दाखवला. बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या वर्गानं. बाई म्हणाल्या, "आणि ते गुडघ्यावर हात दाबून उठणं! तो हुंकार! किती खरं आहे. वसंता, तेवढं सोडू नकोस."

गुडघा जोहारातला नव्हता. तो आबांचा होता. खाणीत त्यावर दगड पडला होता. मला हे बाई बोलत असतानाच कळलं, आणि मी ते सांगितलं नाही.

मग पंधरा दिवस रोज शाळा सुटल्यावर मी वसंताला शिकवलं. पोरगा सरळ होता. मन लावून विचारायचा, "हात आधी का डोकं?" मी सांगायचे, हात आधी. त्याची पाठ ताठ राहायची. मी म्हणायचे, अजून खाली. अजून. तालीम संपली की सगळी पोरं माठावर जायची. मी ओंजळ धरून शिपायाची वाट बघायचे. तो वरून पाणी ओतायचा. नाटकातल्या तांब्याची तालीम नुकतीच झालेली असायची. मला तेव्हा काही वाटायचं नाही. आजही आठवून बघते. काहीच वाटत नव्हतं.

गॅदरिंगच्या दिवशी आबांनी खाडा केला. धुतलेलं धोतर, आईनं शिवलेली बंडी. मी त्यांना येऊ नका म्हणून सांगायला हवं होतं. जीभ उचललीच नाही. शाळेच्या पटांगणात मांडव होता. पुढं खुर्च्या, मागं सतरंज्या, त्यांच्याही मागं मोकळी जमीन. आबा जमिनीवर बसले. मी विंगेत होते, वसंताच्या तोंडाला कोळसा लावायला. हरिजन म्हणजे काळाच, असं कुणीतरी ठरवलं होतं.

नाटक सुरू झालं. वसंता आला. तोंड काळं, अंगावर फाटकी बंडी. पुढं झाला, खाली गेला. "जोहार, सरकार." उठताना गुडघ्यावर हात. "हं."

मांडव हसला. वसंताला चेव आला. त्यानं परत केलं, जास्त मोठ्यानं. परत हसले.

मी पडद्याच्या फटीतून आबांकडं बघितलं. आबा हसत नव्हते, रागावलेही नव्हते. ते एकदा या विंगेकडं बघत होते, एकदा त्या.

मिठी झाली. बायकांनी डोळे पुसले. पडदा पडला.

पाहुणे पुण्याचे होते, नाटकातले जाणकार. ते वर आले. म्हणाले, "बाकी सगळं राहू द्या. तो जोहार! तो कुठून आणलात?"

बाईंनी मला हाताला धरून विंगेतून बाहेर आणलं. "आमच्याच शाळेतली मुलगी. वडिलांकडून शिकून आली. तिनंच बसवला."

"वडील आलेत का?"

बाईंनी मांडवभर नजर फिरवली. मी एकदाच मागं बघितलं होतं, त्यावरून त्यांना कळलं. "आलेत. ते काय, मागं."

"मग बोलवा की वर! अस्सल तरी पाहू."

सगळी डोकी मागं वळली. आबा उभे राहिले. वर बोलावलं की जायचं, एवढंच त्यांच्या अंगाला माहीत होतं. सतरंजीवरची माणसं पाय आखडून वाट देत होती. आबा खाली बघत चालत आले. पायरीपाशी थांबले आणि त्यांनी वहाणा काढल्या.

त्या वहाणा बघितल्या आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला.

"आबा, वर येऊ नका."

बाईंनी माझं मनगट दाबलं.

"आबा, मागं व्हा. वाकायचं न्हाई."

पाहुणे हसले. "अगं, नाटकच आहे ना?"

"न्हाई साहेब. आबांचं ते नाटक नव्हतं."

मी ओरडले नाही. रडलेही नाही. रडायला सांगितलं की मला रडू यायचं, त्या दिवशी आलं नाही. आबा पायरीशी उभे होते. पुढं नाही, मागं नाही. मग त्यांनी वहाणा हातात घेतल्या आणि वळले. मी मनगट सोडवून घेतलं आणि स्टेजवरून खाली उडी मारली.

रुळांच्या कडेनं आम्ही घरी आलो. आबा पुढं, मी मागं. पिंपरी जवळ आल्यावर आबा तेवढं एकच बोलले.

"तू कवा येतीस म्हून बघत हुतो."

मला त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी बाईंनी मला शाळेच्या कट्ट्यावर बोलावलं. त्यांचे डोळे सुजले होते. "सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावलीस मला. हे नाटक मी तुमच्यासाठीच लिहिलं होतं ना?"

"आमच्यासाठी लिहिलं, मग आमाला का न्हाई घेतलं?"

बाई म्हणाल्या, "हेडमास्तर चिडलेत. तू माफी माग. पुढच्या वेळी तुला काम देते. मोठं काम. मी शब्द देते."

काम. आठवडाभर आधी मिळालं असतं तर मी नाचले असते.

"माफी मागणार न्हाई," मी म्हणाले. "शाळाबी सोडणार न्हाई."

नाटकाच्या तासाला मला बाहेर बसवायला लागले. मी बाहेर बसून गणितं केली. परीक्षा झाली. पास झाले. पुढं मास्तरीण झाले, आणि आज मीही मुलांची नाटकं बसवते.

लोक म्हणतात, बाईंचा हेतू चांगला होता. होता. मी नाही म्हणत नाही. पण त्या हेतूपायी मी माझ्या बापाला तीनदा वाकवलं, ते कुठल्या हेतूनं सरळ होणार नाही. म्हणून सांगते. ज्याचं दुःख असेल, काम त्याचं. ते करायचं का नाही, हेही त्यानंच ठरवायचं. ज्या शाळेला हे चालणार नाही, तिथं मी पडदा वर जाऊ देणार नाही. मग पाहुणे कुणी का बसलेले असेनात.