ओव्हर घेतल्याशिवाय

"घेतलं म्हणा," असं म्हणत सिस्टर आमच्या दारात उभ्या राहायच्या. हातात वाटी असो, वर्तमानपत्र असो की त्यांच्या घराची किल्ली, वस्तू माझ्याकडे आली तरी त्यांचा दुसरा हात चौकटीवरून सुटायचा नाही. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, वर्गच्या वर्ग माझ्यापुढे उभे केले. मला कुणी असं वदवून घ्यावं याचा सुरुवातीला भारी राग यायचा.

"दिसतंय ना माझ्या हातात!"

"दिसतंय हो बाई. पण तुम्ही म्हटलं नाय."

शेवटी मी "घेतलं" म्हणून टाकायचे. मग त्या समाधानाने समोरच्या दारात शिरायच्या. पेणच्या आमच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर होती. इकडे मी एकटी, तिकडे त्या आणि त्यांची मुलगी. त्यांचा नवरा कंपनीत होता, तो मुलगी लहान असतानाच वारला.

सवयीची माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी कुलूप तीनदा ओढून बघतं, कुणी गॅस पुन्हा पुन्हा तपासतं. सिस्टरांची सवय मात्र वॉर्डातून आलेली होती. रोह्याच्या सरकारी दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. शिफ्ट संपली की जाणारी सिस्टर येणारीला खाटेखाटेपाशी नेऊन सगळं सांगते. कुणाला ताप, कुणाची सलाईन, कुणाचं कुणी भेटायला आलेलं नाही. याला त्या 'ओव्हर देणं' म्हणायच्या. येणारीने "घेतलं" म्हटलं की जाणारीची ड्युटी संपली. येणारी आलीच नाही, तर जाणारी जात नाही.

"आणि ओव्हरमध्ये लपवायचं नाय," त्या सांगायच्या. "पेशंट रडला तरी सांगायचा. रडणं पण लक्षण हाय."

एकदा नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि त्यांच्या जागी येणारी सिस्टर अलीकडे अडकली. पाणी उतरेपर्यंत या वॉर्डातच. घरी आल्या तेव्हा डोळे तारवटलेले, साडी चुरगळलेली. मी चिडून म्हटलं, "अहो, कुणीतरी बघितलं असतं की!"

"कुणीतरी म्हंजे कोण?" त्यांनी विचारलं.

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. भांडण नव्हतं त्यात. उत्तर मिळेल म्हणून त्या खरोखरच थांबायच्या, आणि समोरच्याची पंचाईत व्हायची.

परिचारिकांच्या संघटनेत त्या होत्याच. मोर्चे, निवेदनं, साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळणं हे मला माहीत होतं. पण एक दिवस संध्याकाळी त्या माझ्याकडे कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, मला जिनिव्हाला बोलायचं हाय. इंग्लिशमधून."

मला वाटलं, पेणमध्ये जिनिव्हा नावाचा नवा हॉल झाला.

झालं होतं असं. श्रीमंत देशांना परिचारिका कमी पडतात, म्हणून ते आपल्यासारख्या देशांतून घेऊन जातात. त्याचे नियम काय असावेत, यावर सगळ्या देशांची सरकारं एकत्र बसून बोलणी करणार होती. अशा सभेला परिचारिकांच्या संघटनांनाही बसायला देतात. या वेळी देशाच्या संघटनेला शहरातल्या मोठ्या मेट्रनऐवजी छोट्या दवाखान्यातली बाई हवी होती.

"मग तुम्ही तिथे मत देणार?" मी विचारलं.

"मत नाय आपल्याला. मत सरकारांना. आपल्याला तोंड हाय." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सरकारं पोटभर बोलणार. ती हात धुवायला उठली की आपल्याला दोन मिनिटं. खरं काम बाहेर. चहाच्या रांगेत एकेका देशाच्या माणसाला गाठायचं आणि म्हणायचं, एवढं एक वाक्य घाला."

ते एक वाक्य त्यांना जिवापाड हवं होतं. जो देश एक परिचारिका नेईल, त्याने तिच्या जागी दुसरी तयार करून द्यावी. बस्स, वॉर्डातला नियम जगाला लावायचा. रोह्याच्या त्यांच्या वॉर्डातल्या दोन मुली आधीच परदेशी गेल्या होत्या आणि त्यांच्या जागा रिकाम्याच होत्या. एकच सिस्टर दोन वॉर्डांत धावायची. हे वाक्य मसुद्यात आलं नाही तर आपल्या मागे वॉर्डात कुणीच उरणार नाही, ही भीती त्यांच्या जेवणाखाण्यातही होती.

मग आमच्या तालमी सुरू झाल्या. दोन मिनिटांचं माप म्हणून त्या गॅसवर कुकर ठेवायच्या. शिट्टी झाली आणि भाषण उरलं की पुन्हा कात्री. मी लाल पेन घेऊन बसायचे. शेवटी त्यांनी स्वतःचं एक वाक्य घातलं होतं, "समबडी मीन्स हू?" मी म्हटलं, हे इंग्रजी नाही. त्या म्हणाल्या, "त्यांना कळेल ना? मग ऱ्हाऊ द्या." मी शंभर वेळा खोडलं, त्यांनी शंभर वेळा लिहिलं.

याच दिवसांत मुलीचं जर्मनीचं पक्कं झालं. तीही परिचारिका, आईच्याच दवाखान्यात कंत्राटी. मुलाखत, भाषेची परीक्षा सगळं करून तिने आईला सांगितलं. मी तिथेच होते. कुकरची वाफ जात होती.

"आई, म्हणजे तू माझ्याविरुद्धच बोलायला चाललीस," मुलगी म्हणाली.

सिस्टरांनी कुकर खाली उतरवला. "तुझ्याविरुद्ध नाय गो. तू जा. तुझी जागा मोकळी ऱ्हाते तिच्याबद्दल बोलते मी."

"संघटनेतल्या बायका काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणतील. मी काय, पोरीला धरून ठेवा असा ठराव मांडते व्हय?"

मुलगी हसली आणि उठून आत गेली. सिस्टरांनी त्या दिवशी पुढे तालीम केली नाही.

जिनिव्हाला जाताना त्यांनी पिशवीत पेणचे पोह्याचे पापड भरले. चहाच्या रांगेत देशोदेशीच्या साहेबांना द्यायचे, म्हणजे बोलणं सुरू होईल. बेत उत्तम होता, फक्त पापड कच्चे होते. तिथे भाजायला चूल कोण देणार? पापड जसे गेले तसे परत आले आणि आम्ही ते माझ्या गॅसवर भाजून खाल्ले. खाता खाता त्यांनी सभेत काय झालं ते सांगितलं.

मोठा हॉल, प्रत्येक देशाच्या नावाची पाटी. सरकारांची भाषणं संपता संपता अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. यांचा नंबर लागला. पाठ केलेलं सगळं नीट म्हटलं, शेवटचं "समबडी मीन्स हू?"ही म्हटलं. अध्यक्ष थँक्यू म्हणाले. आणि या उभ्याच.

"का?" मी विचारलं.

"वाट बघत व्हते. कुणी घेतलं म्हणतंय का."

समोरचा माइकचा दिवा विझला. पुढच्या संघटनेचं नाव पुकारलं गेलं. सोबत आलेल्या संघटनेच्या मोठ्या मॅडमनी पदर ओढला, तरी यांचे पाय हलेनात. इतक्या वर्षांची सवय, ओव्हर दिली आणि कुणी घेतली नाही तर जायचं कसं? मग मागच्या रांगेतून आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाची एक परिचारिका पुढे झाली. तिने यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"कोण जाणे. पण मान हलवली तिनं. म्हटलं चला, एकीनं तरी घेतलं." त्या हसल्या, आणि मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून पापडाचे तुकडे गोळा करत बसल्या.

काही महिन्यांनी मंजूर झालेला मसुदा आला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. वाक्य होतं. संघटनांनी चहाच्या रांगेत केलेलं काम अगदीच फुकट गेलं नव्हतं. पण वाक्याच्या आधी चार शब्द बसवले होते. मी भाषांतर केलं, "शक्य असेल अशा ठिकाणी."

"म्हंजे?"

मी इंग्रजीची शिक्षिका, मला गोड बोलता येत नाही. "म्हणजे नाही," मी म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या एसटीने रोह्याला गेल्या.

मुलगी निघाली त्या सकाळी माझ्या दारात उभी राहिली, आईसारखाच चौकटीवर हात ठेवून. "मावशी, आईची ओव्हर देते. बीपीची गोळी सकाळची, ती विसरते. लोणचं लपवून खाते. छातीत दुखलं तर गॅस झाला म्हणेल, विश्वास ठेवू नका. आणि एकटं वाटलं तर तुमच्याकडे भांडायला येईल, तेव्हा भांडा."

आतून आवाज आला, "मी काय पेशंट हाय गो?"

"घेतलं," मी म्हटलं. ती गेली. त्या संध्याकाळी सिस्टर खरंच आल्या आणि टीव्हीच्या आवाजावरून माझ्याशी कडाडून भांडल्या.

पुढे त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांच्या जागी कुणी आलं नाही. शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरने धावत येऊन "घेतलं" म्हटलं, तेव्हा कुठे त्या दवाखान्यातून बाहेर पडल्या. नंतरही त्या रोह्याला जायच्या, ती जागा भरा म्हणून निवेदन द्यायला. एरवी दिवसभर घरात. फोन मुलीच्या शिफ्टप्रमाणे यायचा. "तिकडे तिच्या जागी येणारी वेळेवर येते म्हणे," त्या सांगायच्या. अभिमान होता आवाजात, आणि आणखीही काही होतं. दोन एकट्या बायका एकत्र बसल्या म्हणून एकटेपण अर्धं होतं, असं लोक म्हणतात. मला तसा अनुभव नाही. पण चहा बरा लागायचा.

असंच एकदा निवेदन द्यायला निघाल्या, तेव्हा मी सोबत गेले. वाटेत भिसे खिंडीत त्या गप्प झाल्या, घामाने भिजल्या. "गॅस झाला," म्हणाल्या. मी विश्वास ठेवला नाही. थेट त्यांच्याच दवाखान्यात नेलं, त्यांच्याच वॉर्डात खाट मिळाली. मुंबईला हलवू या असं डॉक्टर म्हणत होते, पण तेवढा प्रवास झेपेल याची त्यांनाच खात्री नव्हती. मी फोन केल्याबरोबर मुलगी जर्मनीहून निघाली होती. वॉर्डात एकच सिस्टर, कधी इकडे तर कधी पलीकडे. आमच्या सिस्टर पडल्या पडल्या मला सांगायच्या, "पलीकडच्या आजीची सलाईन संपत आली. जा, सिस्टरला बोलवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी हात धरला तर रडत होत्या, लहान मुलीसारख्या, आवाज न करता.

"पोरगी यायला पाहिजे व्हती," म्हणाल्या. "जा म्हटलं मीच. तरी यायला पाहिजे व्हती." जरा वेळाने डोळे पुसून म्हणाल्या, "बाई, तिला ओव्हर तुम्ही द्या. नीट द्या. मी रडले ते मात्र सांगू नका."

मी हो म्हटलं. संध्याकाळ व्हायच्या आत त्या गेल्या.

मुलगी पोचली ती सरळ माझ्या दारात. सामान जिन्यातच होतं. मी तिला आत बस म्हटलं, ती बसली नाही. मग मीही उभ्यानेच सांगितलं. खिंडीत काय झालं, कुठली इंजेक्शनं दिली, दवाखान्यात नेल्यापासून काय खाल्लं, काय बोलल्या. बोलता बोलता मी थांबले. शब्द दिला होता मी. पण ओव्हरमध्ये लपवायचं नाही, हे मला ज्या बाईने शिकवलं तिनेच तो शब्द घेतला होता. आणि समोर उभी होती तीही परिचारिकाच.

"आणि रडली," मी म्हटलं. "तू यायला पाहिजे होतीस म्हणाली. जा असं मीच म्हटलं, असंही म्हणाली. तुला सांगू नका म्हणाली."

ती चौकट धरून उभी राहिली. मी वाट बघत होते.

"घेतलं, मावशी," ती म्हणाली.

दिवसकार्य झाल्यावर ती परत गेली, तिची सुट्टी तेवढीच होती. समोरच्या दाराला कुलूप आहे. रोह्याची ती जागा अजून भरलेली नाही. ओव्हर दिली की माणसाने घरी जायचं असतं. मी तर आधीच घरी होते, मग जाणार कुठे?