नऊशे संदर्भांचा धनी

मालन पाटील डोंबिवलीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल, आणि तिचा नवरा सुदेश तिथेच रसायनशास्त्राचा प्राध्यापक. सुदेशच्या निबंधांचा आधार जगभरातल्या नऊशे अभ्यासकांनी घेतलाय, ही गोष्ट ठाण्यातल्या बाळकुमच्या घरात देवाच्या फोटोशेजारी टांगायचीच काय ती बाकी होती. सासूबाईंना, जयाबाईंना, संदर्भ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. नऊशे म्हणजे किती ते पक्कं ठाऊक होतं. आता सुदेश प्राचार्य होणार, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. निवड समितीने बोलावण्याची औपचारिकता तेवढी उरली होती.

नेमकं तेव्हाच संस्थेने ग्रंथालयातले संदर्भ एकमेकांना जोडून इंटरनेटवर मांडायचं काढलं. प्रत्येक निबंधाला कायमचा पत्ता, प्रत्येक लेखकाला स्वतंत्र क्रमांक, आणि कोणी कोणाचा आधार घेतला ते क्लिक केलं की समोर. आजवर निबंधावरच्या नुसत्या ‘एस. एन. पाटील’ या नावावर भागत होतं. एवढ्या पत्त्यावर बाळकुमात लग्नाची पत्रिकासुद्धा योग्य घरी पोचत नाही, पण विद्वानांना ते पुरायचं.

मालन क्रमांक द्यायला बसली आणि एस. एन. पाटील दोन निघाले. नऊशे संदर्भ नाशिकच्या सलिल पाटलांचे. सुदेशचे चार. त्यातले तीन त्याने स्वतःच स्वतःला दिलेले, आणि चौथा मालनने, नवं लग्न असताना, आपल्या प्रबंधात त्याचं मन राखायला घातलेला.

रात्रीची भाजी निवडता निवडता तिने हे सांगितलं. सुदेश दचकला नाही. म्हणजे त्याला माहीत होतं.

“अगं, मग दोघांना एकच क्रमांक दे ना. नाशिकवाला कशाला बघायला येतोय?”

“अहो, उद्या कोणाच्या लक्षात आलं तर माझं नाव जाईल.”

“आणि माझं गेलं तर?”

“तुमचं कुठे जातंय? त्याचं त्याच्याकडे जातंय.”

तिने क्रमांक वेगळे दिले. समितीने क्लिक केलं. प्राचार्य दुसरंच कोणी झालं, आणि सुदेश मालनशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलू लागला.

जयाबाई मात्र घरोघर सांगतात, की पोराने जन्मभर जमवलेलं सुनेने एका दुपारी नाशिकच्या परक्या माणसाच्या नावावर करून टाकलं. बिल्डरला जमिनी देऊन बसलेले शेजारी हळहळतात. असले व्यवहार त्यांना चांगले कळतात.