आधी लावून दाखव

पुतळाबाई माहीमच्या कोळीवाड्यातली, पण मासळी विकायची लालबागेत. संपात गिरण्यांची दारं बंद झाली, गिऱ्हाईक आटलं, जोडीच्या बाया दादरच्या बाजारात गेल्या. ही फुटपाथवरच्या आपल्या जागेवरून हलली नाही. एकदा बसली की बसली.

संप जुना झाला, घरोघरी केबल आली, तेव्हाची ही गोष्ट. तिचा नवरा रामचंद्र अंगावरून वारं गेल्यापासून खाटेवर होता. होडी विकली, तसं त्याचं बोलणंही तुटलं. एका दुपारी टीव्हीवर व्हिडिओ गेमची जाहिरात लागली. डोंगराएवढ्या लाटा, त्या फोडत जाणारी बोट, आणि 'घरबसल्या समुद्राचे राजे व्हा!'

"ह्ये मना पायजे गो," रामचंद्र म्हणाला. कित्येक महिन्यांत त्यानं काही मागितलं नव्हतं.

पुतळाबाईनं तो गेम तिच्या जागेसमोरच्या बाबुरावांच्या दुकानातून नेला. घरी लावला तर निळ्या पट्ट्या आणि त्यांवर सरकणारा एक पांढरा चौकोन. रामचंद्रानं थोडा वेळ पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी तिनं डोक्यावरची पाटी थेट दुकानाच्या पायरीशी उतरवली.

"बाबुराव, लाटा कुठं हायत?"

"मावशी, जाहिरात ती जाहिरात! अन् तुम्ही नाही ओरडत, बर्फातल्या सुरमईला 'जिती हाय, जिती हाय' म्हणून?"

आजूबाजूचे हसले. पुतळाबाईही हसली.

"ओरडते तर! पण गिऱ्हाईक कल्ला उघडून बगतं, लाल असला तरच नेतं. मी हात धरते का त्याचा? तुझा डबा चिकटपट्टीनं बंद. वर लाटा छापल्या नि आत चौकोन!"

"बरं, आणा परत. पैसे घ्या नि उठा. वासानं गिऱ्हाईक पळतंय."

"पैसे ठेव तुझ्याकडं. आधी लावून दाखव, मग वीक. उद्या आणखी कुणाचा म्हातारा भिंतीकडं तोंड करील, त्याचं काय?"

ती तिथंच बसली. बोंबील विकता विकता दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "लावून बग हां आधी!" बाबुरावांचं चिडून झालं, गोड बोलून झालं, हवालदाराची धमकी देऊन झाली.

"आण की! त्यालाबी दाखव."

शेवटी एका संध्याकाळी बाबुरावांनी दुकानातला टीव्ही फुटपाथकडे फिरवला आणि गेम लावला. निळ्या पट्ट्या, पांढरा चौकोन. लोक थांबले. एकानं नाक मुरडलं, दुसरा मात्र "भारी आहे रे" म्हणत आत शिरला.

पुतळाबाईनं पाटी उचलली.

"आता ओरड," ती म्हणाली, "काय ओरडायचं ते."