झेंडूमागचा कॅमेरा

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर झेंडूच्या माळा आणि तिरंगी पताका लावत होते. नारायणगावची जीप विचारत एक अनोळखी माणूस आला आणि पाणी मागून पायरीवर टेकला. पाणी सावकाश प्यायला. नजर मात्र दारावर, खिडकीवर.

"कुत्रं दिसत न्हाई?"

आमचं कुत्रं बिबट्यानं नेलं होतं. तरी मी म्हटलं, "मागं बांधलंय."

तो नुसता हसला. उठताना पायरीवरचे आपल्या पायांचे चिखलाचे ठसे त्यानं टॉवेलनं पुसून काढले. एवढा सभ्यपणा कशाला? गेटाशी वळून म्हणाला, "ताई, माळ बाजूला घ्या. कॅमेरा झाकलाय."

मी घाईनं माळ सरकवली. संध्याकाळी त्याचा चेहरा बघायला मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. तो होता तेवढा वेळ नुसता झेंडू हलत होता.