सिस्टरांची स्कूटर

पेनाचं टोपण दातांनी काढत सिस्टर आधी विचारायच्या, "कसं झालं?" एका हातानं जखमेवर कापूस दाबून धरलेला, दुसऱ्या हातात पेन. समोरचा माणूस गुळमुळीत बोलायला लागला की टोपण दातांतच ठेवून म्हणायच्या, "जसं झालं तसं सांगा. मी लिहिणार आहे."

पुण्याबाहेरच्या एका मोठ्या मनोरंजन पार्कमध्ये त्या फर्स्ट एडच्या खोलीत नर्स होत्या आणि मी शेजारच्या मुख्य गेटवर. त्यांना नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मॅनेजरांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टरच. त्या कसबा पेठेत राहायच्या, मी शनिवारात. त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये चौदा वर्षं आमच्या सीट शेजारी. ईदच्या दुसऱ्या दिवशी त्या डब्यातून शीरखुर्मा आणायच्या आणि मी पहिला चमचा तोंडात घालेपर्यंत रोखून बघत राहायच्या. "चांगला झालाय," म्हटलं की म्हणायच्या, "शनिवार पेठेतून एवढं कौतुक म्हणजे सुवर्णपदकच की."

एकदा एक गृहस्थ गुडघा फुटलेल्या मुलाला घेऊन आले. "घसरगुंडीवर आपोआप पडला," म्हणाले. सिस्टरांनी मुलाकडे पाहिलं. "बाबांनी मागून ढकललं," मुलगा म्हणाला. "व्हिडिओ काढायचा होता." सिस्टरांनी तसंच लिहिलं, वाचून दाखवलं, गृहस्थांची सही घेतली. जाताना एवढंच विचारलं, "व्हिडिओ चांगला आला का?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लांबून त्यांचा आदर वाटतो, जवळून जरा त्रासच होतो.

गेटवरची ती पाटीही त्यांचीच. हिंजवडीतल्या कुठल्याशा ऑफिसची सहल आली होती. त्यातली चार पोरं उभ्यानं चालवायच्या बॅटरीच्या स्कूटर घेऊन आत शिरली, शर्यत लावली आणि एका आजोबांचं मनगट मोडलं. सिस्टर रजिस्टर घेऊन थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेल्या. "ही पायी चालणाऱ्यांची जागा आहे," त्या म्हणाल्या. "बॅटरीवर चालणारं काहीही आत नको." आठ दिवसांत पाटी लागली. मजकूर शब्दन् शब्द त्यांचा.

त्या निवृत्त झाल्या आणि तीन वर्षांनी एका मंगळवारी पुन्हा गेटवर आल्या. आल्या त्या बसून चालवायच्या बॅटरीच्या स्कूटरवर. पुढे टोपली, मागे काठी अडकवलेली, बाजूनं नऊ वर्षांची नात, सना. पायांतली शक्ती हळूहळू गेली होती. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, उपाय सांगितला नव्हता. स्कूटर मुलीनं घेऊन दिलेली.

मी पुढे झालो. सिस्टर पाटीकडे बघत होत्या.

"अडवा आता मला, शेडगे."

"काहीतरीच काय! ती पाटी तुमच्यासाठी नाही, सिस्टर."

"तसं लिहिलेलं नाही तिच्यावर. मीच लिहिलीय, मला माहिताय."

मी पार्कची व्हीलचेअर आणायला सांगितली. त्यांनी हात वर केला. "खुर्ची ढकलणार कोण? सना? आणि ढकलणारा नेईल तिकडे तोंड करून बसायचं. चाळीस वर्षं मी पेशंट ढकललेत, मला माहिताय तिथून काय दिसतं. मला माझ्या मनानं वळायचंय."

मी मॅनेजरांना फोन लावला. अपंगत्वाचा दाखला असलेल्यांना सवलत मिळाली, तीही सिस्टरांनीच गेटवर बसून सांगितलेल्या अटींवर. वेग सर्वांत कमी, रांगांमध्ये घुसायचं नाही, गर्दीच्या दिवशी पाण्याच्या खेळांकडे जायचं नाही. "आता आत जाते," त्या म्हणाल्या, जणू मीच एवढा वेळ लावला होता.

त्यानंतर सनाच्या शाळेला सुट्टी असलेल्या मंगळवारी त्या यायच्या. मंगळवारी गर्दी नसते. सना घोड्यांच्या मेरी-गो-राउंडमध्ये बसली की सिस्टर कठड्याबाहेरून तिच्या घोड्याबरोबर स्कूटर चालवायच्या. घोडा पुढे जायचा, या मागे पडायच्या, पुढच्या फेरीत पुन्हा गाठ पडायची. दर फेरीला दोघी एकमेकींना अशा हात करायच्या, की जणू वर्षभरानं भेटतायत.

मग दिवाळीच्या सुट्टीतला तो रविवार. सनाचा वाढदिवस होता, चार मैत्रिणी बरोबर होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, आज फार गर्दी आहे."

"वाढदिवसाला सांगा मंगळवारी यायला," त्या म्हणाल्या.

दुपारी वॉकीटॉकीवर आवाज आला आणि मी धावलो. झोपाळ्यांच्या चौकात माणसांचं कडं झालं होतं. मध्ये सिस्टरांची स्कूटर, आणि चाकाशी चार वर्षांची एक मुलगी, पाऊल धरून किंचाळत असलेली. मागून लोंढा आला होता. कुणाचा तरी तोल जाऊन तो सिस्टरांच्या हातावर पडला, त्यांच्या अंगठ्याखालचा खटका दाबला गेला आणि स्कूटर उसळून त्या पोरीच्या पायावर गेली.

सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच. "चप्पल ओढू नका. पाय हलवू नका. बर्फ आणा." त्या कशाबशा खाली उतरायला लागल्या. मुलीची आई ओरडली, "हात लावू नका तिला! लांब व्हा तुम्ही!"

कड्यातून कुणीतरी म्हणालं, "चालता येत नाही तर घरी बसावं ना माणसानं."

ते वाक्य सिस्टरांनी ऐकलं. मी ऐकलं. सनानंही ऐकलं.

पोरीच्या पावलाचं हाड मोडलं होतं. तिला हॉस्पिटलात पाठवल्यावर मी फर्स्ट एडच्या खोलीत रिपोर्ट लिहायला बसलो. सिस्टर समोर, सना त्यांच्या खांद्याला चिकटून. मी लिहिलं, गर्दीच्या रेट्यामुळे मुलगी पडून पायास दुखापत झाली. सिस्टरांनी कागद ओढून घेतला.

"पडून? चाक कुठे गेलं यातलं?"

"सिस्टर, रेटा तर खराच होता ना?"

"होता. तोही लिहा आणि चाकही लिहा. आणि पुढचं लिहा. स्कूटरचा वेग ठरवणारा काटा मी वाढवलेला होता."

मी पेन खाली ठेवलं. हे कुणीही पाहिलेलं नव्हतं.

"मुली पुढे पळाल्या," त्या म्हणाल्या. "सना दिसेना. एवढ्या गर्दीत पोर दिसेना म्हटल्यावर मी काटा फिरवला. कमी असता तर बोट ठेचलं असतं. हाड मोडलं नसतं."

"हे लिहिलं तर तुमचं येणं बंद होईल."

"आणि नाही लिहिलं तर त्या आईला वाटेल तिची पोर आपोआप पडली. जसं झालं तसं लिहा, शेडगे."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. सनानं कागद धरून ठेवला होता.

पंधरा दिवसांत वरून आदेश आला. सवलत रद्द, सगळ्यांचीच. दर शुक्रवारी सिस्टरांचा फोन यायचा, "त्या पोरीचं प्लॅस्टर निघालं का?" निघालं, चालायला लागली, हे कळेपर्यंत त्यांनी दुसरा विषय काढला नाही. भेटायला जायची परवानगी त्यांनी मागितली होती. आई-वडिलांनी नको म्हटलं.

डिसेंबरात एक तरुण तशाच स्कूटरवर आला. लहानपणापासून पाय अधू, हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला. बरोबर ऑफिसची टीम. मी त्याला नियम सांगितला.

"सर, माझ्यामुळे कोणाला लागलंय का?"

"नाही."

"मग माझी एंट्री का बंद?"

मी व्हीलचेअर देऊ केली. त्यानं टीमला आत जायला सांगितलं आणि कॅब बोलावली. कॅब येईपर्यंत माझ्या खिडकीसमोरच थांबला होता, मोबाईलमध्ये बघत. मला खिडकी लावून घ्यावीशी वाटली.

हे सगळं सिस्टरांना सांगायला मी कसब्यात गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. 

"त्या आईचंही बरोबर आहे आणि या मुलाचंही," म्हणाल्या. "मी खरं लिहायला सांगितलं होतं. सगळ्यांना बाहेर काढायला नव्हतं सांगितलं." मग त्यांनी पार्कला लिहिलेलं पत्र दाखवलं. पार्कनं स्वतःच्या स्कूटर ठेवाव्यात, वेग वाढवताच येऊ नये अशा. गर्दीच्या दिवशी त्यांना वेगळी वाट द्यावी. उत्तर आलं नव्हतं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या रविवारी आत माणसं किती होती, शेडगे?"

मी त्यांचं पत्र घडी घालून ठेवलं. त्या दिवशी साडेअकरालाच आत सोडायच्या माणसांचा ठरलेला आकडा भरला होता. मी मॅनेजरांना फोन केला होता. ते म्हणाले, "सुट्टीचा दिवस आहे, सोडत राहा." मी सोडत राहिलो. तासाभरानंतर मोजणंही बंद केलं.

"माझा काटा लिहिलात," सिस्टर म्हणाल्या. "तुमचं गेट लिहिलंत?"

"नाही."

"मग लिहा की." एवढं म्हणून त्यांनी चहाचं विचारलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

निवृत्तीला माझी दोन वर्षं उरली होती. मी पत्र लिहायला घ्यायचो, चार ओळी व्हायच्या, राहायचं. तो तरुण पुन्हा आला नाही. त्याच्यासारखे आणखी तिघे आले, त्यांनाही मी तेच सांगून परत पाठवलं. सिस्टरांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. बोलायच्या पूर्वीसारख्याच, सनाच्या परीक्षेबद्दल, गुडघ्यांबद्दल. मीच कसब्यात जाणं कमी केलं.

उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. सकाळीच गेल्या होत्या.

मी पोचलो तेव्हा दुपारची नमाज व्हायची होती. अरुंद गल्ली माणसांनी भरून गेली होती. जनाजा बाहेर काढायचा तर दाराच्या बोळात स्कूटर उभी. दोघातिघांनी ती ओढून पाहिली, उचलून पाहिली. चाकं जाम.

"ती अशी सरकत नाही," आतून सना म्हणाली. पुढे आली. रडून डोळे सुजले होते. तिनं किल्ली फिरवली, वर बसली आणि स्कूटर बोळातून गल्लीत काढली.

समोर माणसंच माणसं.  एकेकानं पाय मागे घेतला, टोपी सावरली, कुणी मुलाला कडेवर उचलून घेतलं. मीही भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. ती त्या सगळ्यांतून हळूहळू, मध्ये मध्ये थांबत, गल्लीच्या टोकापर्यंत गेली. एकाही माणसाला धक्का लागला नाही.